सात नंबरचं कपाट

दत्तूनाना सकाळी वाचनालयात आले की खिडक्या उघडायच्या आधी शिक्क्याची तारीख बदलायचे. लाकडी मुठीचा, रबरी पट्ट्यांचा शिक्का होता तो. करंगळीच्या नखानं आकडा पुढे सरकवायचा, जांभळ्या पॅडवर दाबायचा, कोऱ्या कागदावर एकदा उमटवून बघायचा आणि मग खिडक्या. एकदा मी घाईत होते. म्हटलं, "नाना, तारखेचं मागाहून बघा, मला शाळेला उशीर होतोय." तर म्हणाले, "बाई, कालच्या तारखेत आज पुस्तक कसं देऊ? आज उजाडलंय न्हवं?" तेव्हा मला हसू आलं होतं. पुढे त्या तारखांनी जे केलं आणि त्यात माझा जो हात होता, त्यानंतर मी नानांच्या कुठल्याच सवयीला हसले नाही.

एकाहत्तर साली मी पुण्याहून नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या त्या गावी मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून गेले. पाथर्डीकडे जाणारी एसटी गावात पाच मिनिटं थांबायची, आणि तेवढ्या वेळात गाव बघून व्हायचं. मी पंचवीस वर्षांची होते आणि नाक वर करून चालत होते. संध्याकाळी करायला काही नाही म्हणून वाचनालयाची सभासद झाले. वाचनालय म्हणजे एक लांबट खोली, वर्तमानपत्रांचं टेबल, सात कपाटं आणि नाना. त्यांचं पद लेखनिकाचं. ग्रंथपाल म्हटलं असतं तर पगार वाढवावा लागला असता, म्हणून कोणी म्हणत नसे. वय पन्नाशीचं, अंगावर धोतर आणि बाराही महिने तोच खाकी कोट, उजव्या हाताचा अंगठा शाईनं कायमचा जांभळा झालेला. शिक्षण जुनं व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी. घर आणि बायको चार कोसांवरच्या खेड्यात, भावाजवळ. ते स्वतः वाचनालयाच्या मागच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी रात्री घरी जाऊन रविवारी दुपारपर्यंत परत यायचे.

पहिल्या दिवशी मी पुण्यात सगळेजण वाचत असलेली एक कादंबरी मागितली. नानांनी एक वेगळी वही उघडली. त्यात पुस्तकाचं नाव आणि त्याखाली वाट बघणाऱ्यांची नावं. "भाईर गेलीय. फुडं सहा जन हायेत. नंबर लावू का तुमचा?" मी लावा म्हटलं. मग ते उठले, भिंतीकडच्या शेवटच्या कपाटाशी गेले आणि एक मळकट, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक घेऊन आले. "तवर हे न्या."

पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेलेल्या कोणा पोस्टातल्या कारकुनाच्या आठवणी होत्या त्या. मी तोंड वाकडं केलं असणार, कारण नाना म्हणाले, "चार पानं वाचा. न्हाई आवडलं तर उद्या आना, मी काय बोलनार न्हाई. पन चार पानं वाचा." मी चिडून चार पानं वाचली आणि मग रात्री कंदिलाची काच काळी होईपर्यंत वाचत बसले. तो कारकून सैनिकांना आलेली, पण माणूस मेल्यामुळे न दिलेली पत्रं वेगळी लावत असतो, एवढाच त्या पुस्तकाचा विषय. दुसऱ्या दिवशी मी काही बोलायच्या आत नानांनी विचारलं, "कितव्या पानाला रडू आलं?" मला राग आला, कारण आलं होतं.

ते शेवटचं कपाट सात नंबरचं. गावात कोणी कधी न मागितलेली पुस्तकं नाना एकेक करून तिथं आणून ठेवायचे. घोड्यांच्या रोगांवरचं एक होतं. ताऱ्यांवरचं एक, ज्याची छापखान्यातून जोडलेली आलेली पानंसुद्धा कोणी कापून सुटी केलेली नव्हती. आजारी माणसाचा स्वयंपाक. लाख आणि डिंक. कधी रंगभूमीवर न आलेलं एक संगीत नाटक, पदांच्या चालींसकट. शेवटची पानं गेलेली एक रहस्यकथा होती. ती नाना मुद्दाम हुशार माणसांना द्यायचे आणि परत आणली की खुनी कोण ते विचारायचे. "आतापातूर चार जनांनी चार खुनी सांगितलेत," असं ते गंभीरपणे म्हणायचे. त्यांचा स्वतःचा पाचवा होता, पण ते सांगत नसत.

नाना कुठल्याही पुस्तकाला चांगलं किंवा वाईट म्हणत नसत. कामाचं म्हणायचे. आणि कोणाच्या कामाचं, हा त्यांचा शोध चाललेला असायचा. रस्त्यानं जाताना ते माणसांकडे असे बघायचे की लोक बिचकत. मला एकदा म्हणाले, "बाई, परत्येक पुस्तकाला एक मानूस असतोच. आपल्या गावात असंल असं न्हाई. पन आला आन् पुस्तकच नसलं तर?" हे ते अगदी साध्या आवाजात बोलले. मला मात्र त्या लांबट खोलीत एकदम उदास वाटलं, कारण दारातून वर्तमानपत्रवाल्यांशिवाय कोणी येत नव्हतं.

बहात्तरला पाऊस आलाच नाही. त्याआधीचीही दोन वर्षं तशीच गेली होती. एरवी ऊसतोडीला जाणारी माणसं त्या वर्षी खडी फोडायला रस्त्यावर बसली, आणि गावाबाहेर माळावर गुरांची छावणी पडली. एका रविवारी मी माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरच्यांना शोधत छावणीत गेले होते. तिथे नाना उन्हात, हातात एक पातळ पुस्तक धरून उभे होते. कोणा जुन्या गुरांच्या डॉक्टरनं लिहिलेलं, चारा नसेल तेव्हा जनावरांना काय घालता येतं याचं. बाजूला माणसं हसत होती.

"नाना, आता काय गुरांना पुस्तक वाचून दावता व्हय?"

"गुरांना न्हाई, तुमाला. निवडुंग जाळावर धरायचा, काटं जळाले की बारीक करायचा, आन् जे काय काड असंल त्यात मिसळायचा."

"आमाला काय ठावं न्हाई का निवडुंग? जनावर हगवनीनं मरतं त्यानं."

"नुसता घातला तर. हितं लिवलंय, किती घालायचा ते."

सखाराम नावाचा एक म्हातारा तेवढा पुढे आला. म्हणाला, "वाच रं दत्तू, काय म्हन्तोय त्यो डाक्टर." नानांनी भर दुपारी सगळं पुस्तक त्याला वाचून दाखवलं, एका पानावर दोनदा. सखारामचे दोन बैल होते. त्यातला एक पुढच्या पावसापर्यंत टिकला. दुसरा माघात एका सकाळी बसला तो उठला नाही. नाना दर रविवारी घरून येताना वाकडी वाट करून छावणीत जायचे, ते त्या बैलांसाठी. दुसरा बैल गेल्यावर त्यांनी जाणं सोडलं नाही, पण पुस्तक न्यायचं सोडलं.

नेहमी नेम बरोबर लागायचा असं नाही. सरकारी दवाखान्यात वामनराव नावाचे कंपाउंडर होते. त्यांचा एकुलता मुलगा त्या उन्हाळ्यात तापानं गेला. गावानं करायचं ते केलं, दहावा-तेरावा झाला, आणि महिन्याभरानं वामनराव पुन्हा वर्तमानपत्र वाचायला येऊ लागले. एक दिवस नानांनी सात नंबरमधून एक लहानसं पुस्तक काढून त्यांच्यापुढे ठेवलं. कुठल्या तरी आडगावच्या पोस्टमास्तरनं मुलगी गेल्यावर कविता लिहिल्या होत्या आणि पदरमोड करून छापल्या होत्या. वामनरावांनी ते नेलं. तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर ते टेबलावर आपटलं.

"नाना, माजं दुःख मला पुरतंय. दुसऱ्याचं कशाला आनून घालता?"

नाना उभे राहिले. "चुकलं माजं," म्हणाले. पुस्तकावर परतीची खूण केली, ते धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि जागेवर ठेवून आले. त्यानंतर कितीतरी दिवस ते कोणाला आपणहून पुस्तक द्यायला धजले नाहीत. मागितलं ते द्यायचे, बस. वामनराव यायचे बंद झाले.

आता माझं सांगते. दुष्काळात बायकांना बसून करता येईल असं काही काम मिळावं म्हणून मी शिवणवर्ग काढायचं मनावर घेतलं होतं. तीन मशिनं मिळाली, जागा मिळत नव्हती. वाचनालयाच्या कमिटीवर एक महिला सभासद हवी म्हणून मला घेतलं होतं, तेव्हा मी वाचनालयातच जागा मागितली. चिटणीस वकील होते. म्हणाले, "जागा कुठंय बाई? ते सात नंबरचं कपाट काढता आलं तर तीन मशिनं मावतील. पण आपला नियम आहे, पाच वर्षांत एकदाही बाहेर गेलं नाही तेच पुस्तक बाद करता येतं. आणि त्या कपाटातली सगळी गेलेली आहेत. मी दर वर्षी नोंदवही बघतो. गावात एवढं वाचणारं कोण आहे देव जाणे."

आणि मी हसत हसत म्हणाले, "गंमत म्हणजे ती सगळी सुट्टीच्या दिवशी जातात."

खरोखर गंमत म्हणूनच म्हणाले. नानांनी मला तोवर त्या कपाटातली पाचसहा पुस्तकं दिली होती, आणि प्रत्येकाच्या मागच्या कागदावरचे शिक्के मी सवयीनं वाचले होते. पोळा. धुळवड. पंधरा ऑगस्ट. एकावर तर वाचनालयाचे जुने अध्यक्ष वारले त्या दिवसाची तारीख होती. त्या दिवशी मी स्वतः येऊन बंद दार बघून परत गेले होते, म्हणून लक्षात राहिली. वकील हसले नाहीत. त्यांनी नोंदवही मागवली.

पुढच्या बैठकीत नानांना बोलावलं. वकिलांनी एकेक नाव वाचलं. कोणी सात वर्षांपूर्वी मेलेला, कोणी नगरला राहायला गेलेला. "नाना, ह्या माणसांनी पुस्तकं नेली?"

"न्हाई साहेब. नावं खोटी हायेत."

"आणि तारखा?"

"तारखा खऱ्या हायेत," नाना म्हणाले. हे जणू विचारायलाच नको होतं, असा त्यांचा चेहरा होता.

मला तेव्हा सगळं एकदम समजलं. खोटं करायचंच होतं तर मागची कुठलीही तारीख टाकता आली असती. पण शिक्का रोज सकाळी आजच्या तारखेवर आणून ठेवणारा हा माणूस, त्याला तेवढं जमलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी दार आतून लावून ज्या दिवशी पुस्तक काढलं त्याच दिवसाचा शिक्का त्यानं मारला होता.

"म्हणजे पाचदहा सोडली तर ही पुस्तकं कोणी वाचलेलीच नाहीत," वकील म्हणाले.

"वाचलीत."

"कोणी?"

"मी."

दाराजवळ नियमांची पाटी होती, काळ्यावर पांढरी अक्षरं. शेवटचा नियम, वाचनालयाच्या नोकरांस पुस्तके नेता येणार नाहीत. दोन वर्षं त्या पाटीखालून ये-जा करत होते, पण तो नियम मी कधी वाचला नव्हता. वकिलांनी तिकडे एकदा बघितलं. ते वाईट माणूस नव्हते, आणि आवाजही चढवला नाही. "नाना, नोकराचं वाचन धरत नाहीत," एवढंच म्हणाले. नोकरी राहू द्यावी, ती पाचदहा धरून सगळं कपाट रद्दीत काढावं, जागा शिवणवर्गाला द्यावी, असा ठराव झाला. मान्य असणाऱ्यांनी हात वर करा म्हटल्यावर माझाही हात वर गेला. त्या तीन मशिनांवर काम करायला अकरा बायका थांबल्या होत्या, हे खरं आहे. पण आज हे लिहितानाही ते पुढे करावंसं वाटतं, म्हणजेच ते पुरत नाही.

बाद झालेल्या पुस्तकांची यादी नानांनीच करायची होती. दोन दिवस ते करत होते. प्रत्येकाचं पूर्ण नाव, लिहिणाऱ्याचं नाव, पानं, सगळं वळणदार अक्षरात. दुसऱ्या दिवशी मी न राहवून गेले. नाना खाली बसून सुतळीनं गठ्ठे बांधत होते. पुस्तकं उचलताना त्यातून कागदाचे कपटे गळत होते, आणि प्रत्येकावर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं. मी उचलून वाचू लागले. विहीर खणणाऱ्याला. पान चाळीसपासून. दुसऱ्यावर, नवीन सून आली असंल त्या घरी. ताऱ्यांच्या पुस्तकात, राखणीला जाणाऱ्याला, पोरगा हुशार असला तर. गुरांच्या पुस्तकात, एक जगला.

"नाना, माझ्यामुळे झालं हे," मी म्हणाले. मला वाटलं होतं ते नाही म्हणतील.

"व्हय," ते म्हणाले. "पन तुमाला कुठं ठावं हुतं?" आणि गठ्ठ्याला गाठ मारली.

मी म्हटलं, मला यातलं एखादं विकत घेऊ द्या. कमिटीची परवानगी काढते.

"कुठलं?"

मी गठ्ठ्यांकडे बघत राहिले. तिथं तीनशेवर पुस्तकं होती, आणि मला नावानं मागता येईल असं एकच आठवलं. बसऱ्याचा कारकून. नानांनी दिलेली बाकीची मी शाळेच्या कामाचं निमित्त सांगून अर्ध्यातच सोडली होती. नानांनी गठ्ठा सोडून ते काढून दिलं आणि गठ्ठा पुन्हा बांधला.

"तुम्ही स्वतःला एखादं ठेवा ना," मी म्हटलं.

"नोकरानं रद्दीतलं उचललं की चोरी हुती, बाई."

गठ्ठे हातगाडीवर घालून एसटी स्टँडवर नेले. नगरच्या रद्दीवाल्याचा माणूस आला होता, त्यानं ते बसच्या टपावर चढवले. नाना हातगाडीबरोबर गेले नाहीत. त्यांनी कपाटाचे रिकामे खण ओल्या फडक्यानं पुसले, आणि दुसऱ्या दिवशी मशिनं आली.

शिवणवर्ग चांगला चालला. तो न चालता तर मला बरं वाटलं असतं, असं कधी कधी वाटायचं. पडदा लावून आम्ही तेवढा कोपरा वेगळा केला होता. पडद्याआडून नानांचा शिक्का ऐकू यायचा, पण पूर्वीसारखा नाही. ते आता कोणाला काही सुचवत नसत. सुट्टीच्या दिवशी मात्र अजूनही मागच्या खोलीत न बसता वाचनालयातच येऊन बसायचे, दार आतून लावून. काय करत असतील, मी विचारलं नाही.

चौऱ्याहत्तरच्या सुरुवातीला, एका सोमवारी दुपारी, पडद्यापलीकडून वामनराव कंपाउंडरांचा आवाज आला. सातआठ महिने होऊन गेले होते त्यांना येऊन.

"नाना, ते पुस्तक... त्या पोस्टमास्तरचं. एक कविता मी अर्ध्यातच टाकली हुती. ती फुडं काय हाय ते बघायचं हुतं."

मी मशिनचं चाक हातानं थांबवलं. बाकीच्या बायकांना काही ठाऊक नव्हतं, पण माझ्याकडे बघून त्यांचीही मशिनं थांबली. मग वही उघडल्याचा आवाज आला.

"भाईर गेलंय ते," नाना म्हणाले. "नंबर लावतो तुमचा."

कालच्या तारखेत आज पुस्तक न देणारा माणूस. मी पडद्याआड बसून ऐकलं, आणि मला कोणीतरी थोबाडीत द्यावी असं वाटलं.

त्यानंतर वामनराव दर सोमवारी यायचे. बाजाराच्या दिवशी सकाळची गर्दी उरकली की दवाखाना दुपारी जरा मोकळा असायचा. "आलं का?" "अजून न्हाई." एवढंच. मग थोडा वेळ वर्तमानपत्र. मला प्रत्येक सोमवारी वाटायचं की आज पडदा बाजूला करून सांगावं, आणि प्रत्येक सोमवारी मी शिवण उसवत बसायचे.

त्याच वर्षी माझी पुण्याला बदली झाली. निघायचा दिवस सोमवारच होता. नानांचा निरोप घ्यायला गेले तर पायरीवर वामनराव चपला काढत होते. आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून मी बोलले. "वामनराव, ते पुस्तक येणार नाही. रद्दीत गेलं. ती चूक माझी आहे, नानांची नाही."

त्यांनी चपला सरळ करून भिंतीशी लावल्या. "ठावं हाय मला, बाई. हातगाडी दवाखान्याम्होरूनच गेल्ती की."

"मग मागायला कशाला आलात?"

"पैल्या दिवशी वाटलं, तेवढं एक राह्यलं असंल. इचारून बघावं. तर त्यांनी वही काढली, माजं नाव लिवलं. आता न्हाई गेलो तर त्यांना कळंल, की मला कळलंय."

ते आत गेले, आणि मी दारातच उभी राहिले. नानांनी मला बघितलं नाही. डाव्या बाजूला, जिथं पूर्वी कपाट होतं, तिथं पडद्यामागे मशिनं चालू होती. वामनरावांनी विचारलं, आलं का. नानांनी वही ओढून घेतली, पान उलटलं आणि जांभळा अंगठा एकेक ओळ खाली नेत नाव सापडेपर्यंत शोधलं. त्या पानावर एकच नाव होतं, मला दारातून दिसत होतं.

"अजून न्हाई आलं," नाना म्हणाले. "पन तुमचाच नंबर पैला हाय."

वामनराव बरं म्हणाले आणि पेपर उघडून बसले.